नाशिकची व्हाइट जमते, मग रेड का अडखळते? कुठल्या भागात कुठलं द्राक्ष

कोपरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ग्रुपवर या विषयावरून इतकी वादावादी झाली की शेवटी अ‍ॅडमिनने मेसेज बंद केले, म्हणून इथे टाकतोय, इथे जाणकार सापडतात.

फेब्रुवारीत ठाण्याहून आम्ही काही मित्र नाशिकला द्राक्षमळे आणि वायनरी बघायला जाणार आहोत. माझं निरीक्षण असं की आपल्याकडची शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ या व्हाइट वाइन बऱ्यापैकी ताज्यातवान्या लागतात, आंबटसरपणा छान असतो, पाहुण्यांपुढे ठेवायला काही वाटत नाही. पण कॅबरने सोव्हिन्यो ही रेड घेतली की दोनपैकी एक होतं, एकतर उकळून आटवल्यासारखी जड लागते नाहीतर मध्येच कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो आणि कधीकधी तर दोन्ही एकाच बाटलीत. शिराझ त्यातल्या त्यात बरी. तर हे वाइन बनवणाऱ्यांचं कौशल्य कमी पडतं म्हणून, की आपण चुकीच्या जागी चुकीची जात लावतोय म्हणून? जगात कुठल्या भागाला कुठली जात का जमली हे कोणी जरा उलगडून सांगेल का. विकिपीडिया चिकटवू नका प्लीज, तो मी वाचलाय.

तीनहातनाका

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

जुईनगरची_जाई

माझ्या माहितीत सगळं मार्केटिंग आहे हो. माती-बिती काही नसतं. चांगल्या मशीन, थंड टाक्या आणि फ्रेंच सल्लागार आणला की कुठेही चांगली वाइन होते. कर्नाटकात ग्रोव्हर वायनरीवाल्यांनी मिशेल रोलां या फ्रेंच सल्लागारांना बोलावलं आणि त्यांची ला रिझर्व्ह ही रेड गाजली की नाही?

ऐरोलीचा_दिंडोरीकर

जाई ताई, अर्धंच बरोबर आहे तुमचं, पण उरलेल्या अर्ध्याकडं नंतर येतो. आधी कोपरीकरांना उत्तर देतो, लांब होईल, सांभाळून घ्या.

मी मूळचा दिंडोरी तालुक्यातला, नोकरीपायी ऐरोलीत. काकांची बाग आहे, थोडी खायच्या द्राक्षाची थोडी वाइनची, वाइनची एका वायनरीशी करार करून लावलेली. त्यामुळं जे बघितलं ते लिहितो.

द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. जगातले बहुतेक नावाजलेले वाइनचे भाग ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. तिथं हिवाळ्यात पानं गळून वेल झोपते, वसंतात डोळे फुटतात, उन्हाळ्यात मणी भरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी. नाशिक आहे २० अक्षांशावर. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंची आहे म्हणून रात्री बऱ्या, पण वेल झोपण्याइतकी थंडी नाही. तिला मोकळी सोडली तर ती बारा महिने नुसती वाढतच राहील, त्यामुळं आपल्याकडं ऋतूचं काम कात्री करते. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे जवळपास सगळं कापून टाकायचं, त्यातून नव्या काड्या येतात आणि त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाची तयारी होते. पावसाळ्यात फळ घ्यायचं नाही. मग पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिथून साडेचार-पाच महिन्यांनी माल तयार. म्हणजे छाटण्या दोन आणि पीक एकच.

आता खरा मुद्दा. फ्रान्समध्ये ऑगस्टच्या उन्हात मणी रंग धरतो आणि पिकता पिकता हवा थंड होत जाते. आपल्याकडं बरोब्बर उलटं आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मणी भरतो आणि पिकता पिकता हवा तापत जाते. फेब्रुवारी अर्धा सरला की दुपारचं ऊन टोचायला लागतं आणि मार्चमध्ये पारा पस्तिशीच्या पुढं.

या एका उलटापालटीमुळं जातींचं सगळं गणित फिरतं राव. तिकडं उशिरा पिकणाऱ्या जातीला शेवटचे आठवडे गारव्याचे मिळतात, तेच तिचं वैभव. इथं उशिरा पिकणारी जात म्हणजे भट्टीत सापडलेली जात. सोव्हिन्यो ब्लाँ लवकर पिकते, ती जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत उतरून मोकळी होते. शेनिनचा आंबटपणाच मुळात दांडगा, त्यामुळं थोडी धग लागली तरी टिकून राहते, वर माल पण भरपूर देते, शेतकरी खूश. कॅबरने सगळ्यात उशिराची, ती थेट मार्चच्या तोंडी जाते. म्हणून तुमची रेड अडखळते.

कोपरीकर

वा! हे उलटं ऋतुचक्र कुठल्या लेखात वाचलं नव्हतं. पण मग एक बाळबोध शंका, कॅबरनेची गोडी छाटणी ऑगस्टमध्येच उरकली तर ती पण फेब्रुवारीत तयार होईल की?

ऐरोलीचा_दिंडोरीकर

शंका बाळबोध नाही, काकांनी पण हेच विचारलं होतं वायनरीच्या माणसाला. ऑगस्टला छाटलं तर कोवळी फूट आणि फुलोरा नेमका सप्टेंबरच्या पावसात येतो. डाऊनी (आमच्याकडं केवडा म्हणतात) आणि करपा हे बुरशीचे रोग असे बसतात की फवारून फवारून माणूस दमतो, आणि फुलोऱ्यात पाऊस झाला की घडांची गळकूज वेगळीच. म्हणजे अलीकडं परतीचा पाऊस आणि पलीकडं मार्चचं ऊन, मधल्या खिडकीत जी जात मावते ती नाशिकची. थोडंफार पुढंमागं करतात लोक, पण खिडकी काही रुंद होत नाही.

आणि नाशिक म्हणजे पण एक भाग नाही हं. निफाडकडं थंडी कडक, पेपरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा तिथले शेतकरी रात्री बागेत शेकोट्या करतात, कारण मण्यांना तडे जातात. दिंडोरीला चढउताराची जमीन, जरा उंचावर. इगतपुरीकडं सरकलात की पाऊस वाढला. दहा-वीस किलोमीटरवर बाग बदलते.

टायट्रेशन

मी रबाळे एमआयडीसीत लॅबमध्ये आहे (वाइनच्या नाही, पण आम्लं ती आम्लंच). वरच्या प्रतिसादामागचं रसायन सांगतो.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी चिवट. मॅलिकचं तसं नाही, मणी पिकताना वेल तेच श्वसनात जाळून टाकते आणि हवा जितकी गरम तितकं हे जळण वेगात. रात्र थंड असेल तर मॅलिक वाचतं, रात्र गरम असेल तर दिवसरात्र जळत राहतं. म्हणून वाइनवाले लोक दिवसाच्या तापमानापेक्षा रात्रीच्या तापमानाबद्दल जास्त बोलतात. रंगाचंही तेच, सालीतलं रंगद्रव्य गरम रात्रींत कमी तयार होतं.

दुसरीकडे साखर मात्र उन्हात पटापट चढते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे २४ ब्रिक्सला (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप) तोडलं तर साडेतेराच्या आसपास वाइन. आता गंमत बघा, उन्हामुळे ब्रिक्स २४ ला पोचलं, आम्ल खाली आलं, म्हणजे तोडणं भाग आहे, पण साल आणि बिया अजून कच्च्याच. कॅबरनेमध्ये मिरचीसारखा वास देणारी पायराझिन नावाची संयुगं असतात, ती पिकताना हळूहळू कमी होतात, त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ मिळालाच नाही तर? कोपरीकर म्हणतात तेच, रस जड आणि वास कच्चा, एकाच बाटलीत दोन्ही.

आम्ल कमी पडलं तर टार्टारिक वरून घालतात, गरम देशांत सर्रास चालतं आणि त्यात गैर काही नाही. जाई ताईंचं मशीन इथपर्यंत कामाला येतं, पण न पिकलेली साल टाकीत गेल्यावर पिकवता येत नाही.

जुईनगरची_जाई

बरं बाबा, हरले. पण ग्रोव्हरचं काय मग? ते तर अजून दक्षिणेला, १३ अक्षांशावर. तिथे तर जास्त गरम पाहिजे.

ऐरोलीचा_दिंडोरीकर

ग्रोव्हरचा नंदी हिल्सचा भाग ९०० मीटरच्या वर आहे ताई. अक्षांशानं घालवलं ते उंचीनं भरून काढलं. बेंगळुरूची हवा आठवा, ना धड कडाक्याची थंडी ना आपल्यासारखा मार्च. तिथं पिकण्याच्या काळात तापमान फार उसळ्या घेत नाही त्यामुळं कॅबरने आणि शिराझ दोन्हीला सवड मिळते, आणि ला रिझर्व्ह या दोघींचंच मिश्रण आहे. रोलां साहेब मोठे आहेतच, पण त्यांनी सल्ला दिला तो ९०० मीटरवरच्या द्राक्षाला. माझा अर्धा विरोध तो हाच होता.

मालवाहू_नेरूळ

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता नेरूळला सेक्टरमधल्या बाकावर बसून असतो. बंदरं उतरताना जिथे रजा मिळाली तिथे मळे बघितले, तेव्हा थोडं जगाचं सांगतो.

प्रत्येक नावाजलेल्या भागात कुठलीतरी एक अडचण असते आणि तिच्यावर उतारा म्हणून एक जात टिकलेली असते. फ्रान्समधल्या बोर्दोचं बघा. जिरोंद नदीच्या डाव्या बाजूला गोटे-वाळूची जमीन, पाणी झिरपून जातं, गोटे तापतात, त्या उबेत उशिरा पिकणारी कॅबरने तिथे तयार होऊ शकते. उजव्या बाजूला पोमरोलला चिकणमाती, गार आणि ओली, तिथे कॅबरने लावली तर पिकेपर्यंत थंडी येऊन बसते, म्हणून लवकर पिकणारी मर्लो. शेजारीशेजारी भाग, पण जात बदलते, आणि कारण फक्त जमीन किती लवकर तापते एवढंच.

जर्मनीत मोझेल नदीला तर ५० अक्षांश, म्हणजे द्राक्षाची जवळजवळ उत्तरेची हद्द. तिथे उतार इतके उभे की बघून पाय लटपटतात, आणि जमीन काळ्या पाटीच्या दगडाची. दिवसभर दगड ऊन साठवतो, नदी ऊन परावर्तित करते, त्यात रिझलिंग ही पांढरी जात पिकते, तीही सावकाश, धारदार आम्ल घेऊन. तिकडे प्रश्न ऊब कुठून आणायची हा, आपला प्रश्न ती घालवायची कुठे.

अर्जेंटिनात मेंडोझाला पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास, जवळजवळ वाळवंटच, पण अँडीजचं बर्फाचं पाणी पाटांतून येतं आणि मळे ९०० ते १५०० मीटरवर. माल्बेक ही लाल जात मूळची फ्रान्समधल्या काओर भागातली, बोर्दोच्या मिश्रणात ती धाकटी बहीण होती, मेंडोझाच्या कोरड्या उंच हवेत राणी झाली. गारपिटीचा त्रास मात्र तिथेही आहे, वेलींवर जाळ्या टाकलेल्या दिसतात.

आणि मला सगळ्यात आवडलेलं ठिकाण ग्रीसचं सँटोरिनी. ज्वालामुखीची राख, पाऊस नाममात्र, वारा असा की उभी वेल मोडून पडेल. तिथले लोक वेल जमिनीलगत टोपलीसारखी विणतात आणि घड त्या टोपलीच्या आत लपून वाढतात. असिर्टिको नावाची पांढरी जात, एवढ्या उन्हातसुद्धा आम्ल सोडत नाही. मला नेहमी वाटतं आपल्या लोकांनी फ्रान्सकडे कमी आणि भूमध्य समुद्राकडे जास्त बघायला हवं होतं.

तीनहातनाका

काका, चिलीचं राहिलं. तिकडची मर्लो एकदम वेगळी लागते असं ऐकलंय.

मालवाहू_नेरूळ

चिलीचा किस्सा मजेदार आहे. तिथे दीडशे वर्षांपूर्वी बोर्दोहून वेली नेल्या, त्यातल्या बऱ्याच मर्लो म्हणून वाढवल्या, बाटलीवर मर्लो छापून विकल्या. मळ्यात काही वेली इतरांपेक्षा बऱ्याच उशिरा पिकायच्या, लोक म्हणायचे चिलीची मर्लो अशीच. १९९४ साली ज्याँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने बघितलं आणि सांगितलं की ही मर्लो नाहीच, ही कार्मेनेर, जी फ्रान्समध्ये फायलोक्सेराच्या साथीनंतर जवळपास नाहीशी झाली होती. फायलोक्सेरा म्हणजे मुळं कुरतडणारी बारीक कीड, १८६० नंतर अमेरिकेतून युरोपात आली आणि मळेच्या मळे वाळले. चिलीत ती कीड पोचलीच नाही. तिथला कोरडा, लांबलेला शरद ऋतू कार्मेनेरला मानवला, बोर्दोत तिला पिकायलाच वेळ पुरायचा नाही.

ऐरोलीचा_दिंडोरीकर

काका कमाल! फायलोक्सेरावरून आठवलं, युरोपनं त्यावर उपाय केला तो अमेरिकन वेलीच्या मुळावर आपली वेल कलम करायचा. आपल्याकडं पण बागा आता खुंटावरच असतात, डॉगरिज किंवा ११० आर. शेतकरी त्याला सरळ 'जंगली' म्हणतात, आधी जंगली लावायचं आणि मग त्यावर कलम भरायचं. पण आपल्याकडं कारण वेगळं, पाण्याचा ताण आणि क्षारांची जमीन. खुंट कुठला यावर वेल किती माजेल ते ठरतं. डॉगरिज भारी जोमाचा, खायच्या द्राक्षाला ठीक, वाइनला पानंच पानं झाली तर घडाला सावली आणि कच्चेपणा. त्यात काळी भारी जमीन असली की विचारू नका. वाइनला हलकी मुरमाड जमीन बरी, वेलीला थोडं उपाशी ठेवावं लागतं.

शुभांगी_नौपाडा

मी वाइन घेत नाही पण द्राक्षं आवडीने खाते, म्हणून विचारते. वाशी मार्केटमधून पेटी आणतो आपण थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस वगैरे, ती आणि ही वाइनची द्राक्षं यात फरक काय? खायच्याच द्राक्षांची वाइन का करत नाहीत, उरलेला माल तरी कामी येईल.

आणि दुसरं, आमच्या गच्चीत एक वेल लावलीय, पानं भरमसाट, द्राक्षं शून्य. काय चुकतंय?

ऐरोलीचा_दिंडोरीकर

शुभांगी ताई, वाइनचा मणी बारीक, जाड सालीचा, आत बिया. खाल्लात तर गोड लागेल, थॉमसनपेक्षा जास्तच, पण तोंडात बिया आणि साल येणार. रंग, वास, तुरटपणा सगळं सालीत असतं, मणी बारीक असला की रसाच्या मानानं साल जास्त. खायच्या द्राक्षात आपण नेमकं उलटं करतो, जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संजीवक) याच्या द्रावणात घड बुडवून मणी फुगवतो, लांब करतो, साल पातळ असावी म्हणून धडपडतो. थॉमसनची वाइन होते, पण चव पाणचट. उरलेल्या मालाचे बेदाणे करा, तासगावकडं तेच करतात आणि झकास करतात.

उत्पन्नातही फरक. खायची द्राक्षं एकरी १०-१२ टन सहज काढतात, वाइनची ४-५ टनांवर थांबवतात नाहीतर गोडी आणि रंग विरळ होतो. म्हणून वाइनची बाग शेतकऱ्याला परवडणार ती भाव बांधून मिळाला तरच. २००८-०९ च्या मंदीत आमच्या भागात एका वायनरीनं ठरलेला माल उचलला नाही, वेलीवर द्राक्षं सुकली, लोकांनी त्याच खोडांवर थॉमसनचं कलम भरून टाकलं. जात निवडताना हवामान, माती याच्यासोबत हा हिशोब पण असतो, पुस्तकात नसतो तो.

गच्चीतल्या वेलीचं: छाटणी करता का? नसेल तर तेच कारण. ऑक्टोबरात पाऊस थांबला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व काड्या ठेवून बाकी कापा, प्रत्येक काडीवर पाचसहा डोळे. पण खरं सांगू, ठाण्याची दमट हवा द्राक्षाची वैरीण आहे. पावसाळ्यात केवडा, नंतर भुरी. बेंगलोर ब्लूसारखी काळी, जरा रोगाला दाद न देणारी जात लावलीत तर चारसहा घड मिळतील.

शुभांगी_नौपाडा

धन्यवाद. छाटणी कधीच केली नाही, जीव होत नाही कापायला. या ऑक्टोबरात धीर करते.

वागळे_इस्टेट

शेतकऱ्याच्या नावाने दारूचं उदात्तीकरण चाललंय इथे. २०२२ ला सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय आणला होता तेव्हा अण्णा हजारेंनी विरोध केला तो योग्यच होता.

तीनहातनाका

आलं का ते. मी म्हटलंच होतं, पॉपकॉर्न वाया जाणार नाहीत.

संपादक मंडळ

वागळे_इस्टेट, मत मांडलंत, नोंद झाली. धोरणावर वेगळा धागा आधीच आहे, तिथे लिहा. इथे द्राक्षावर बोलूया.

टायट्रेशन

मुद्द्यावर येतो. मालवाहू काकांचं 'भूमध्य समुद्राकडे बघा' हे मला पटलं आणि काही जण ते करतायत पण. निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेइलो वायनरीवाले सिसिलीच्या दोन जाती लावतात, लाल नेरो दाव्होला आणि पांढरी ग्रिलो. सिसिली म्हणजे इटलीचं टोक, ऊन आणि कोरडी हवा, म्हणजे या जातींना धग नवीन नाही. चारोसा वायनरीने टेम्प्रानियो पण केली, स्पेनमधल्या रिओहाची ही जात लवकर पिकते, म्हणजे दिंडोरीकरांच्या खिडकीत मावायला हरकत नाही.

अकलूजला फ्रातेल्ली वायनरी. सोलापूर जिल्हा म्हणजे नाशिकपेक्षा गरम आणि पाऊस कमी. तिथे त्यांनी इटलीहून सांजोव्हेसे आणली, टस्कनीत किआंतीची मुख्य जात. ही उशिरा पिकते, म्हणजे वरच्या नियमाने अडचणीत यायला हवी, पण तिचं आम्ल मुळातच तिखट असल्याने उन्हात थोडं गेलं तरी उरतं. त्यांची सेत्ते नावाची रेड म्हणजे सांजोव्हेसे आणि कॅबरनेचं मिश्रण. हंपीकडे कृष्मा वायनरीवाले पण कॅबरने आणि सांजोव्हेसे करतात. थोडक्यात लवकर पिकणं हा एक रस्ता आणि आम्ल न सोडणं हा दुसरा. दोन्ही नसेल तर गरम भागात जाऊच नये.

पिनो न्वार ही लाल जात घ्या ना, पातळ साल, नाजूक, फ्रान्समधल्या बर्गंडीच्या थंडीत वाढलेली, नाशिकला तिची रेड करणं म्हणजे हट्ट.

कोपरीकर

पण शांदों कंपनीच्या नाशिकच्या स्पार्कलिंगमध्ये (फेसाळत्या वाइनमध्ये) पिनो न्वार असते असं लेबलवर वाचल्यासारखं वाटतं?

टायट्रेशन

असते, शेनिन आणि शार्दनेबरोबर. पण स्पार्कलिंगसाठी द्राक्ष कच्चंच तोडतात, आम्ल भरपूर आणि साखर कमी असताना, कारण बाटलीत दुसऱ्यांदा आंबवताना अल्कोहोल पुन्हा वाढतं. सालीचा रंग नकोच असतो, हलकं पिळून पांढरा रस घेतात. म्हणजे पिनोला मार्चच काय फेब्रुवारीचं ऊनसुद्धा बघावं लागत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की आपल्या हवेला सगळ्यात शोभणारी गोष्ट स्पार्कलिंगच. महाराष्ट्रात सुरुवात पण तिनेच झाली, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात शँपेनच्या पद्धतीने वाइन केली ना.

ऐरोलीचा_दिंडोरीकर

यावर माझं थोडं वेगळं. स्पार्कलिंग उत्तम, मान्य, पण गावाकडं शिराझ सोडून द्यायला कोणी तयार नाही आणि बरोबर आहे त्यांचं. शिराझ फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातली, ऑस्ट्रेलियात बरोसाच्या उन्हात रुळलेली, कॅबरनेच्या आधी पिकते, आणि जास्त पिकली तरी वाईट लागत नाही, काळ्या मिरीसारखा झणका राहतो. दिंडोरी, गंगापूर धरणाकडं शिराझ चांगली येते. माझं म्हणणं इतकंच, कॅबरने लावायची ती नावासाठी. दुकानात गिऱ्हाईक कॅबरनेच मागतं, वायनरी म्हणते लावा, शेतकरी लावतो. १९९७ च्या सुमारास सुला वायनरीच्या राजीव सामंतांनी सोव्हिन्यो आणि शेनिन लावली तेव्हा थॉमसन सोडून हे काय असं लोकांना वाटलं होतं, आणि आज नाशिक ओळखलं जातं शेनिनसाठी. रेडमध्ये तसं धाडस पुन्हा कोणीतरी करायला हवं, टेम्प्रानियो म्हणा, नेरो म्हणा, ग्रेनाश म्हणा. आपली स्वतःची रेड कुठली हे अजून ठरलेलंच नाही.

मालवाहू_नेरूळ

+१. आणि घाई पण नको. बर्गंडीत मठातल्या साधूंनी कुठल्या तुकड्यात काय चांगलं येतं हे शोधायला शतकं घालवली. नाशिकला अजून तीस वर्षं पण झाली नाहीत धड.

जुईनगरची_जाई

तीस वर्षांत मोबाइल कुठून कुठे गेला काका, आणि वेलीला शतकं?

मालवाहू_नेरूळ

वेल लावल्यावर धड फळ यायला तिसरं वर्ष उजाडतं, आणि एक पीक म्हणजे एक प्रयोग. माणसाच्या आयुष्यात तीसचाळीस प्रयोग होतात, बस. मोबाइलचं तसं नाही.

कोपरीकर

मंडळी, धन्यवाद, ग्रुपवर लिंक टाकलीय, शांतता पसरलीय. आता ट्रिपबद्दल सांगा. फेब्रुवारीत काय बघावं, काय चाखावं? आणि जायचं कसं?

ऐरोलीचा_दिंडोरीकर

ठाण्याहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडा, गाडी चालवायचा प्रश्न मिटला, चाखायला जाताय तर स्टिअरिंगवर कोणी नको. पुढं गाडी भाड्यानं करा. शनिवार-रविवार गर्दी असते, मधल्या वारी जा.

तोडणी बघायची असेल तर रात्री मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मळ्यात पोचा, मजूर पहाटे तोडतात म्हणजे घड गार असताना वायनरीत पोचतो. आधी फोन करून विचारा कुठली जात चालू आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या भागात पांढऱ्या, शेवटाकडं शिराझ, कॅबरने बहुतेक उभीच असेल. मणी तोंडात टाका, बी चावून बघा, तपकिरी आणि करकरीत असेल तर पिकलीय, हिरवी आणि कडू असेल तर नाही. ब्रिक्सचं यंत्र काहीही म्हणो.

टायट्रेशन

चाखताना एकच जात वेगवेगळ्या भागांतली शेजारी ठेवा. कॅबरने नाशिकची, नंदी हिल्सची आणि हंपीची, तीन ग्लास ओळीत. मग वर जे लिहिलंय ते पटतंय का ते स्वतः ठरवा.

तीनहातनाका

आणि एवढी तयारी करून आणलेली बाटली ठाण्यात टिकते का? मागे एका दुकानातून घेतलेली व्हाइट नुसती शिळ्या सफरचंदासारखी लागली होती.

मालवाहू_नेरूळ

दुकान रस्त्याकडेचं, काचेत ऊन, बाटली उभी, वर्षभर, बरोबर? आपल्या शेनिन, सोव्हिन्यो या ताज्या असतानाच प्यायच्या आहेत, वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या. लेबलवर साल बघून घ्या. आपली तोडणी वर्षाच्या सुरुवातीलाच होत असल्यामुळे छापलेल्या सालाच्या फेब्रुवारीतच ती द्राक्षं उतरलेली असतात, युरोपच्या त्याच सालाच्या बाटलीपेक्षा सातआठ महिने मोठी. घरी आणलीत तर एप्रिल-मेमध्ये माळ्यावर ठेवू नका, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भाजीशेजारी जागा करा.

तीनहातनाका

फ्रिजमध्ये जागा करायची म्हणजे आधी घरात परवानगी काढावी लागेल. त्यावर काही उपाय?

शुभांगी_नौपाडा

कोथिंबीर निवडून ठेवा, आपोआप जागा होते.